रिकामा फ्लॅश

१९९१ साली कुंभार पिंपळगावात फोटो स्टुडिओ एकच होता, माझा. फोटो वाईट आला तरी लोक परत माझ्याकडेच यायचे आणि याचा मी पुरेपूर फायदा घेतला, हे कबूल करतो. पण रामरावच्या लेकीच्या लग्नात जे केलं, ते मात्र आठ वर्षं सलत राहिलं.

रामराव माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या घरामागे न्हाणीच्या पाण्यावर जास्वंद आणि कर्दळ माजलेली असायची. त्याची लेक बेबीनंदा डॉक्टरांकडून इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या मागून आणायची, उकळत्या पाण्यात धुऊन साखरपाण्यानं भरायची आणि लाल दोऱ्यानं जास्वंदीला टांगायची. त्यावर शिंजीर यायचे. अंगठ्याएवढं पाखरू, बाकदार चोचीचं, ऊन पडलं की काळ्याचं निळंजांभळं होणारं. एका जागी ठरेल तर शपथ.

लग्नादिवशी मांडवाचे फोटो काढायला मी सकाळीच गेलो. हळद लागलेल्या नवरीनं घराबाहेर पडायचं नसतं. पण ही मागच्या दारानं परसात आली होती, हातात भरलेली बाटली घेऊन.

"देवाकाका, आईला सांगू नका," ती म्हणाली. "पाव्हण्यांच्या गर्दीत आज ह्यांना कोण घालंल?"

बाटली बांधायच्या आधीच पाखरू तिच्या बोटांपाशी आलं आणि फडफडत हवेतच थांबून त्यानं बाटलीत चोच घातली. बेबीनंदा श्वास रोखून उभी राहिली, मग खुदकन हसली. मी कॅमेरा उचलला. पाखरू उडालं, परत आलं, पुन्हा उडालं. भानावर आलो तेव्हा आठ फोटो खर्ची पडले होते. रोल छत्तीसचा, एकुलता एक, रामरावनं खास जालन्याहून आणवलेला.

मांडवात मी माझं नेहमीचं पालुपद लावलं : "नवरीबाई, मान खाली." नवरी वर बघून हसली तर लोक फोटोग्राफरलाच बोल लावतात. संध्याकाळी काकासाहेब, म्हणजे रामरावचे थोरले चुलते, फेटा सारखा करून नवरा-नवरीशेजारी उभे राहिले. सोयरीक त्यांच्याच शब्दावर जुळली होती. आणि माझा रोल संपला होता. दुसरा गावात मिळणार नव्हता. मी रिकामा फ्लॅश मारला. काकासाहेब म्हणाले, "आजून एक." मी आणखी पाच मारले.

"रोलच्या शेवटाला उजेड लागला, तेवढे फोटो जळाले," असं मी पुढं सांगितलं. काकासाहेब रुसले आणि रामरावनं बोलणं सोडलं. मी दिसलो की वाट बदलून जायचा. चोराच्या मनात चांदणं. मीही त्याला कधी थांबवलं नाही. आठातले सात फोटो हललेले निघाले. आठवा ड्रॉवरच्या तळाशी गेला. दाखवला असता तर खोटं उघडं पडलं असतं.

१९९९च्या उन्हाळ्यात रामरावची बायको, पुष्पाबाई वहिनी, लग्नाचा अल्बम घेऊन दुकानात आल्या. बेबीनंदा भोकरदनला नांदत होती, वर्षातून एखादी खेप व्हायची.

"भावजी, ह्यातला लेकीचा एक फोटो मोठा करून द्या. भिंतीला लावायचाय. पण हसरा पाह्यजे. नात दिवाळीला इचारत व्हती, आजी, माझी आई लग्नात रडतच व्हती का?"

आम्ही दोघांनी अल्बम दोनदा पाहिला. अठ्ठावीस फोटो. मांडवाचे चार सोडले तर सगळ्यांत मान खाली. मुंडावळ्या दिसत होत्या, भांग दिसत होता, बेबीनंदा कुठंच दिसत नव्हती.

"जाऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "मीच तिला म्हनत व्हते, मान खाली घाल."

"मीही म्हणत होतो वहिनी. दिवसभर."

वाटलं, इथंच गप्प बसावं. दोस्ती गेलीच आहे, निदान अब्रू तरी राहील. पण त्यांचा हात मिटलेल्या अल्बमवरून फिरत होता, ते मला बघवेना. मी ड्रॉवर उघडला.

हळदीनं पिवळे हात, बोटांत बाटली, बाटलीशी पाखरू आणि त्यामागे तोंड वर करून हसणारी बेबीनंदा. मी सगळं सांगून टाकलं, रिकाम्या फ्लॅशसकट.

वहिनींनी पदरानं डोळे पुसले. "आठ वर्सं मी त्या बाटल्या भरून राह्यले. जाताना म्हनली व्हती, आई, पाखरं उपाशी ठेवू नको." मग फोटो छातीशी धरून म्हणाल्या, "काकासाहेबांचं तोंड तर मला रोज दिसतं, भावजी. हिचं दिसत न्हाई. लई उपकार झाले तुमचे."

उपकार!

दुसऱ्या दिवशी रामराव आला. आठ वर्षांनी माझ्या दुकानाची पायरी चढला. आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी खाली बघत उभा राहिलो.

"मान वर कर की लेका," तो म्हणाला.

मी वर पाहिलं. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता. माफी मागायची होती मला, अन् आभार मानायला आला होता तो. माझ्यासारख्या खोटारड्याला एवढं मिळावं, ते त्या चिमूटभर पाखराच्या कृपेनं.

"बेबी परवा येऊन राह्यली, पोरीला घेऊन," रामराव म्हणाला. "सकाळी परसात ये. कॅमेरा घेऊन."

मी गेलो. या खेपेला दोन रोल घेतले.