पाकिटातले सूर्य

सेन्सेईआजींनी पाकिटाची कड कात्रीनं जपून कापली आणि आतला चित्रांचा गठ्ठा दोन्ही हातांनी बाहेर काढला. जपानात वस्तू अशीच देतात-घेतात हे त्यांनीच मुलांना शिकवलं होतं, आणि मुलं असल्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून पाहत असतात.

वाचनालयाच्या माडीवर दर शनिवारी सकाळी त्यांचा जपानीचा वर्ग भरे. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या ही भाषा शिकल्या, आणि शिकलेलं स्वतःपाशी ठेवणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. सेन्सेई म्हणजे शिक्षक. त्याला 'आजी' मुलांनीच चिकटवलं.

"सरका जरा. माझ्या डोक्यावर चढून चित्रं दिसणार नाहीत."

मुलं सरकली आणि दुसऱ्या क्षणी होती तिथंच आली. फक्त खारूताई खिडकीपाशी बसून राहिली. पूर्वी ही पोरगी खरंच खारीसारखी या बाकावरून त्या बाकावर असायची, म्हणून तिचं हे नाव.

मागे मुलांनी जपानातल्या एका शाळेला आपापल्या घराची चित्रं पाठवली होती; आजचं पाकीट त्याचंच उत्तर. "तिकडची मुलं सूर्य लाल रंगवतात," आजींनी तेव्हा सांगितलं होतं. "आपणही लालच रंगवू. त्यांना आपलंसं वाटेल." सगळ्यांनी लाल रंगवला. खारूताईनं पिवळा.

"आमच्या खिडकीत पिवळाच येतो," ती म्हणाली होती.

आजी रागावल्या नव्हत्या. तिच्याशेजारी बसून, गोडीगुलाबीनं समजावून त्यांनी तिच्या हातात लाल खडू ठेवला होता. तिनं पिवळ्यावर लाल गिरवला, आणि त्या दिवसापासून वर्गात तोंड उघडलं नाही. आज तर तिला सोडायला आलेली आई खाली वाचनालयाच्या दारातच थबकली होती.

"आज शेवटचं, म्हणते. पाकीट बघायचं आणि मग यायचं नाही. कारण विचारलं तर मुकी. तुम्ही काही बोललात का हो तिला?"

"नाही हो, वावगं काहीच नाही," आजी म्हणाल्या होत्या. ते खरंच होतं. तरी जिना चढताना ते वाक्य त्यांनी मनाशी पुन्हा म्हणून पाहिलं होतं.

आता त्यांनी पहिलं चित्र टेबलावर ठेवलं. उतरत्या छपराचं घर, दारात सायकल, वर सूर्य. पिवळा.

दुसऱ्या चित्रातही पिवळा. तिसऱ्यातही. आजींचा हात भरभर चालू लागला. घरं निरनिराळी, झाडं निरनिराळी, सूर्य मात्र सगळीकडे पिवळाजर्द.

"त्यांचा लाल खडू संपला असेल," मागून एकजण म्हणाला.

"अख्ख्या वर्गाचा? उंदरानं खाल्ला वाटतं," दुसरा म्हणाला, आणि दोघं खिदळले.

चष्मिस हसला नाही. तो सगळं वहीत लिहून घेणारा मुलगा. "सेन्सेईआजी, तिकडे लाल रंगवतात म्हणाला होतात ना तुम्ही?"

"म्हणाले होते."

"मग तुम्हाला कुणी चुकीचं शिकवलं का?"

आजींनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. सूर्य पिवळेच राहिले. त्यांच्या सेन्सेईंनी त्यांना हेच सांगितलं होतं. तिकडच्या मुलांच्या पुस्तकांतले लाल सूर्य त्यांनी स्वतः पाहिले होते. की आता तिकडचं सगळंच बदललं? की चार पुस्तकं पाहून आपण उगीच साऱ्या देशाबद्दल बोलत बसलो?

"माहीत नाही रे," त्या म्हणाल्या.

हे वाक्य आजींच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

काहीतरी करायचं म्हणून त्यांनी चित्रं वाटायला घेतली. प्रत्येकाला एक, दोन्ही हातांनी. मुलंही वाकून घेत होती. शेवटचं उरलं ते खारूताईच्या वाट्याचं. आजी स्वतः खिडकीपर्यंत गेल्या. तिनं ते घेतलं, मांडीवर ठेवलं आणि मान खाली घातली. गच्चीत वाळणारे कपडे, कठड्यावर मांजर, आणि खडू दाबून दाबून रंगवलेला जाडजूड सूर्य.

आजी परत फिरणार, तेवढ्यात खारूताईनं चित्र उजेडाकडे तिरकं धरलं. मग करंगळीच्या नखानं सूर्याची कड हळूच खरवडली. पिवळा मेणचट पापुद्रा निघाला.

"खाली लाल आहे," ती म्हणाली.

आजी तिच्याशेजारी टेकल्या. तिनं आणखी थोडं खरवडलं. लाल रंग वाढला.

"ह्यालापण समजावलं वाटतं कुणीतरी."

तिच्या नखात भरलेल्या पिवळ्या मेणाकडे आजी बघत राहिल्या. डोळ्यांसमोर आली ती कुठलीशी दूरची वर्गखोली, आणि मुलाशेजारी बसलेली, अजिबात न रागावणारी एक बाई.

चष्मिस पेन्सिल चावत जवळ आला. "म्हणजे त्यांनी आपला सूर्य काढला, आणि आपण त्यांचा? मग पुढच्या वेळी कुठला काढायचा?"

आजींनी सवयीनं बोट वर केलं, तोंडही उघडलं. मग बोट खाली घेतलं. त्या उठल्या, कपाटातली खडूंची पेटी काढली आणि खारूताईपुढे दोन्ही हातांनी धरली.

खारूताईनं पेटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. पेटी तिनं एका हातानंच घेतली. दुसऱ्या हातात चित्र होतं.

वर्ग सुटला. खालून खारूताईच्या आईची हाक आली. बाकीची मुलं धडाधड जिना उतरली. खारूताई दारापर्यंत गेली, थांबली आणि परत आली. तिनं ते चित्र आजींच्या टेबलावर ठेवलं, वर खडूंची पेटी.

"घरी नाही न्यायचं?" आजींनी विचारलं.

"इथंच राहू दे. शनिवारी लागेल."