पिल्बीम सरांच्या नावाआधी

"मानवजातीच्या इतिहासात ज्ञानाचं दार आज प्रथमच सताड उघडलं गेलं आहे, आणि यापुढे ते कोणालाही बंद करता येणार नाही!"

दिगंबर मुळे यांनी ही घोषणा शॉमबर्गमधल्या लेकीच्या स्वयंपाकघरात उभं राहून केली.

"बाबा, ते दार आधी लावा," शुभा म्हणाली. "फ्रिज केव्हाचा बीप करतोय."

दिगंबररावांनी दुधाचा डबा काढून दार लावलं. पण मुद्दा सोडला नाही. मंत्रालयाच्या राजशिष्टाचार विभागात त्यांची हयात गेली होती. कुठल्या पाहुण्याच्या नावाआधी 'माननीय' लावायचं, कुठल्याच्या 'महामहिम', आणि कोणाला नुसत्या 'श्री.'वर भागवायचं हे मुळ्यांना विचारल्याशिवाय निमंत्रणपत्रिका छापखान्यात जात नसे. निवृत्तीनंतर त्यांना कोणी काही विचारेनासं झालं. अमेरिकेत सहा महिन्यांसाठी आल्यावर तर 'बाबा, चहा घेणार?' यापलीकडे प्रश्नच उरला नाही. अशा अवस्थेत जावयाने, म्हणजे संजयने, त्यांना कॉम्प्युटरवर एक ज्ञानकोश दाखवला. त्यात कोणीही लिहू शकत होतं, आणि लिहिलेलं कोणीही खोडू शकत होतं. चाळीस वर्षं सरकारी नस्त्यांवर शेरे मारलेल्या माणसाला याहून काय हवं?

त्यांनी सगळ्यात आधी आपल्या शाळामास्तरांचं नाव शोधलं. आर्चडीकन, म्हणजे बिशपखालचे वरिष्ठ पाद्री, एडमंड पिल्बीम. नगरच्या मिशन शाळेत ते गणित शिकवत, आणि पोरं त्यांना पाठीमागे पिलभीम म्हणत. ज्ञानकोशात इंग्लंडातल्या कुठल्याशा कुत्र्यांच्या प्रदर्शनात तीनदा पहिल्या आलेल्या कुत्र्यावर लेख होता. पिल्बीम सरांवर नव्हता. दिगंबररावांनी त्याच दिवशी खातं उघडलं आणि लेखाला हात घातला. पहिलेच शब्द लिहिले, 'द व्हेनरेबल एडमंड पिल्बीम'.

चहा पिऊन परत आले तर 'द व्हेनरेबल' गायब.

त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा गायब. तिसऱ्या खेपेला खाली निरोप आला. 'ओल्ड सेक्स्टन' अशा टोपणनावाच्या, ओहायोतल्या एका निवृत्त दंतवैद्याचा. अँग्लिकन धर्मगुरूंची चरित्रं सांभाळणाऱ्या स्वयंसेवक संपादकांचा एक चर्चाकट्टा होता आणि हे गृहस्थ त्याचे जुने रहिवासी होते. 'मिस्टर म्यूल,' त्यांनी लिहिलं होतं, 'ज्ञानकोश कोणापुढे वाकत नाही. नाव म्हणजे नाव.'

"मुळेचं म्यूल केलंन्," दिगंबरराव म्हणाले. "खेचर!"

"दात काढायची सवय असेल हो त्यांना," त्यांच्या पत्नी लतिकाबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या. "शब्द काढून टाकायला काय वेळ?"

दिगंबरराव कट्ट्यावर गेले आणि थक्क झाले. तिथे वर्षभर हाच वाद चालला होता. साध्या पाद्र्याला 'रेव्हरंड', डीनला 'व्हेरी रेव्हरंड', बिशपला 'राइट रेव्हरंड', आर्चबिशपला 'मोस्ट रेव्हरंड'. आणि आर्चडीकन तेवढा 'व्हेनरेबल'. यातलं काय लेखाच्या शीर्षकात घ्यायचं, काय पहिल्या वाक्यात, पदावरून उतरल्यावर ठेवायचं की नाही, मेल्यावर काय, यावर न्यूझीलंडपासून कॅनडापर्यंतची माणसं हिरिरीने भांडत होती. पगार कोणालाच नव्हता.

"लतिका, हे बघ काय आहे! पूज्य, फार पूज्य, यथार्थ पूज्य आणि परमपूज्य!"

"आणि तुमचे सर?"

"ते या रांगेतच नाहीत. त्यांचा शब्दच निराळा. का निराळा, कोणालाच नक्की माहीत नाही! केवढी मजा आहे."

"मग एवढं चिडताय कशाला?"

दिगंबरराव चष्मा काढत म्हणाले, "फळा दिसत नाही हे मी घरी कोणाला सांगितलं नव्हतं. वडील म्हणायचे, ढ आहे. सरांनी एकदा वहीत डोकावून बघितलं, मी सगळी गणितं चुकीची उतरवून बरोबर सोडवलेली. त्याच दुपारी सायकलच्या कॅरिअरवर बसवून मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. स्वतः झगा घालून पॅडल मारत होते, झगा चेनमध्ये अडकत होता. त्या माणसाला मी 'पिल्बीम वॉज बॉर्न' असं लिहू? 'पिल्बीम डाइड'? आपल्याकडे गल्लीतला सोम्यागोम्या गेला तरी 'कैलासवासी' होतो."

डिसेंबरात परतीचं तिकीट होतं. पुण्याच्या घरात कॉम्प्युटर नव्हता. जायच्या आधी सरांच्या नावाआधी त्यांचा मान बसवायचाच, असं दिगंबररावांनी ठरवलं.

पण धर्मगुरूंना प्रत्यक्षात कसं संबोधतात याची आधी खात्री हवी. शनिवारी त्यांनी संजयला गाडी काढायला लावली आणि जवळच्या एका छोट्या एपिस्कोपल चर्चमध्ये गेले. अमेरिकेतले अँग्लिकन ते हेच, हे त्यांना कट्ट्यावरच कळलं होतं. अंगणात गळ्याशी पांढरी पट्टी लावलेली एक बाई पानं गोळा करत होती. दिगंबररावांनी नमस्कार केला आणि इथल्या मुख्य धर्मगुरू कोण, असं विचारलं.

"मीच," बाई म्हणाल्या.

दिगंबररावांनी नमस्कार पुन्हा केला, या वेळी जरा खाली वाकून. मग महत्त्वाचा प्रश्न विचारला. त्यांना संबोधायचं कसं? रेव्हरंड? मदर? मॅडम रेक्टर?

"कॅथी," बाई म्हणाल्या, आणि पानं ओढायचा दुसरा पंजा त्यांच्या हातात देऊन विचारलं, "तुम्ही त्या बाजूची करता का?"

परतीच्या वाटेवर दिगंबरराव गाडीत बूट झटकत होते. त्यांच्या बुटात मेपलची पानं होती.

"बाबा, चिल. इथे माझ्या बॉसच्या बॉसलाही आम्ही बॉब म्हणतो," संजय म्हणाला.

"म्हणूनच तुमच्या कंपनीत कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही," दिगंबरराव म्हणाले.

कॅथीबाईंचा दाखला त्यांनी कट्ट्यावर दिला नाही. तो सेक्स्टनच्या उपयोगाचा होता.

दरम्यान कट्ट्यावर प्रस्ताव आला. 'व्हेनरेबल'सकट सगळ्या उपाध्या पहिल्या वाक्यात असाव्यात की नसाव्यात? मतं रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंत. दिगंबररावांनी आकडे बघितले. विरोधात नऊ, बाजूने तीन, त्यातले एक ते स्वतः. आणि इथेच त्यांच्यातला मराठी माणूस जागा झाला. ज्याने महाराष्ट्र मंडळाची निवडणूक पाहिली आहे, त्याला हरणाऱ्या बाजूने काय करायचं हे शिकवावं लागत नाही. माणसं आणायची.

त्या रविवारी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाची बैठक नेमकी संजयकडेच होती. चिवडा, बटाटेवडे, आणि पंधरा मिनिटांच्या कामावर तीन तासांची चर्चा. दिगंबररावांनी मध्येच उभं राहून सरांची सायकल आणि झगा सांगितला. शैलजामावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग एकेकाला आतल्या खोलीत नेण्यात आलं. संजयच्या कॉम्प्युटरसमोर बसवून नवं खातं उघडायचं, आणि दिगंबररावांनी भिंतीवर चिकटवलेलं वाक्य जसंच्या तसं टाइप करायचं, 'आय स्ट्राँगली अॅग्री विथ मिस्टर मुळे'. बाहेर रांग लागली. बोटाला शाई लावायची तेवढी राहिली.

"काका, हे नक्की कशासाठी आहे?" अनीशने विचारलं. तो फार्मा कंपनीत होता आणि फॉर्म वाचल्याशिवाय सही करत नसे.

"एका सज्जन माणसासाठी. वडे गरम आहेत तोवर आटप."

संध्याकाळी आकडे बघून दिगंबररावांनी दोनदा पोहे मागितले.

सोमवारी सकाळी खातं उघडेना. लाल पट्टी आली होती. 'मिस्टर म्यूल' आणि त्यांची सगळी 'सॉक पपेट्स' बंद.

"सॉक म्हणजे मोजा ना?" लतिकाबाईंनी विचारलं.

संजयने कपाळाला हात लावला. "मोज्याची बाहुली. एकाच माणसाने खोटी नावं घेऊन मतं दिली, असा त्यांचा ग्रह झालाय. बाबा, एकाच घरातून, एकाच मशीनवरून, तासाभरात, एकच वाक्य!"

"अरे, पण सगळे खरे आहेत! शैलजामावशी मोजा आहेत?"

"त्यांना काय दिसतं? त्यांना एक आयपी अॅड्रेस दिसतो."

दिगंबररावांना जेवण गेलं नाही. खातं गेल्याचं दुःख होतंच, पण खरी बोचणी दुसरी होती. पिल्बीम सरांच्या नावाखाली, सगळ्या जगाला दिसेल असं, 'लबाडीची मतं' असं लिहिलं गेलं होतं. आयुष्यात ज्यांनी परीक्षेत शेजारच्या वहीकडे बघू दिलं नाही, त्यांच्या लेखाला! मान मिळवायला गेलो आणि डाग लावून बसलो, असं त्यांना झालं.

संजयने व्यवस्थापकांना इमेल लिहिली. व्यवस्थापक म्हणजे व्हरमाँटमधली एक ग्रंथपाल. तिने शांतपणे उत्तर दिलं. ही माणसं खरी असतील, तर प्रत्येकाने आपल्या घरून, आपल्या शब्दांत, आपलं मत का तसं आहे ते कट्ट्याच्या खुल्या पानावर लिहावं, तिथे खातं लागत नाही. रविवारपर्यंत.

दिगंबरराव मंडळातल्या एकेकाला फोन लावायला बसले. "सुचित्रा, तुझ्या शब्दांत लिही हं, पण तेच लिही."

मराठी माणसाला 'तुझ्या शब्दांत' एवढंच ऐकू येतं.

सुचित्राने लिहिलं की एकट्या पिल्बीमनाच का, ज्ञानकोशातल्या सगळ्या शिक्षकांना 'व्हेनरेबल' लावा, आणि तिच्या आईपासून सुरुवात करा. अनीशने लिहिलं की नियम नीट वाचल्यावर आपल्याला मिस्टर सेक्स्टन यांचं म्हणणं पटलं असून आपलं आधीचं मत वड्यांच्या दबावाखाली दिलं होतं. मंडळाचा माजी अध्यक्ष सत्यजित याने उपाध्यांना पूर्ण पाठिंबा दिला आणि पुढे गेल्या गणपतीच्या पत्रिकेत आपल्या नावाआधीचं 'डॉ.' कोणी उडवलं याची चौकशी मागितली. त्यावर सुचित्राने, ते मीच उडवलं, पीएचडी अजून पूर्ण कुठे झालीये, असं उत्तर दिलं. सत्यजितने व्हायवाची तारीख दिली. शैलजामावशींनी मधे पडून लिहिलं की भांडू नका, परदेशी माणसं बघतायत, आणि तो मोठा स्टीलचा डबा कोणाकडे राहिलाय तो परत करा. अनीशने डबा आपल्याकडे नसल्याचं तीन मुद्द्यांत सिद्ध केलं.

दिगंबरराव शुभाच्या खुर्चीत बसून हे वाचत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"संपलं. माझीच माणसं माझ्या विरुद्ध!"

"थांबा हो," लतिकाबाई म्हणाल्या. "डबा कोणाकडे आहे ते तरी कळू दे."

रविवारी निकाल आला. ग्रंथपाल बाईंनी लिहिलं होतं, 'चार वर्षांत मी पुष्कळ मोजे उलटे करून पाहिले. कोणताही एक माणूस स्वतःशी इतक्या दिशांनी भांडू शकत नाही. हे सगळे निःसंशय वेगवेगळे आहेत. खाती खुली करत आहे, आणि या लेखावरचा लबाडीचा शेरा दिलगिरीसह काढत आहे.'

दिगंबररावांनी चष्मा पुसला. "वाच, शुभा, परत वाच. दिलगिरीसह!"

प्रस्तावावर तडजोड झाली होती. शीर्षकात नुसतं नाव. पण पहिल्या वाक्याच्या शेवटी, 'यांना द व्हेनरेबल असे संबोधले जाई' एवढं लिहायला कट्ट्याची हरकत नव्हती. सेक्स्टननेही सही केली होती. दिगंबरराव उठून उभे राहिले. आता ते काहीतरी मोठं बोलणार हे ओळखून लतिकाबाईंनी मिक्सर बंद केला.

"एका सामान्य शिक्षकाच्या सन्मानासाठी," दिगंबरराव म्हणाले, "आज सात देशांतली माणसं एका निर्णयावर आली. इतिहास याची नोंद—"

"बाबा, खाली अजून एक मेसेज आलाय," शुभा म्हणाली. "त्या दातवाल्यांचा."

"वाच. अभिनंदन असेल."

शुभाने मोठ्याने वाचलं. "डियर मिस्टर मुळे, आता वाद मिटलाच आहे, तर एक छोटी विनंती. तुमच्या लेखात आर्चडीकनसाहेबांच्या नावापुढे अजून काहीच लिहिलेलं नाही. ते काय करायचे, हे एखाद्या ओळीत लिहाल का?"