मी शब्द खाल्ले नाहीत

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. एवढं सांगून झालं की नम्रपणे खाली बघायची पद्धत आहे. मी बघणार नाही. मित्रांनो, मी चिडलोय. माझ्यावर खोटा आळ आलाय आणि तो साऱ्या जगात पसरलाय.

आधी माझी ओळख. माझ्या डोक्यावर ताटलीएवढ्या दोन चकत्या आहेत. एकीवरची फीत दुसरीवर जाते आणि जाता जाता आवाज टिपते. कारखान्यात मला इतकं भक्कम बनवलं की मला दुकानात उतरवताना हमालाने थेट स्वतःच्या पणजीला हाक मारली. ती वारलेली होती, तरी "काय रे?" म्हणाली, असं तो सांगायचा. टेलरमास्तरांनी मला कापडाच्या ताग्यांशेजारी बसवलं आणि माझी नोकरी सुरू झाली.

ही नोकरी एकाच बाईसाठी होती. ती उर्दू गझला गायची. सगळे तिला आपा म्हणत. मोठमोठ्या सभागृहांत गाणारी बाई, पण कुर्ते मास्तरांकडूनच शिवून घ्यायची, कारण ते गळ्यापाशी दम घ्यायला जागा ठेवत. सुटीच्या दिवशी दुपारी ती नवा कुर्ता अंगावर घालून बघायला यायची आणि उभ्या उभ्या गायला लागायची. शटर अर्धं खाली असायचं. त्याखालून वाकून न्हावी आत शिरायचा, बसचा कंडक्टर शिरायचा, शाळेच्या मोठ्या बाईसुद्धा पदर सावरत शिरायच्या. अर्ध्यांना उर्दू येत नव्हतं. कंडक्टर विचारायचा, "आपा, मतलब काय?"

"मतलब घर जाकर निकलेगा, भाई. अभी सुनो."

आणि निघायचा! घरी जेवता जेवता तो घळाघळा रडायचा आणि बायकोला वाटायचं, भाजी तिखट झाली.

आपाने सूर लावला की मास्तरांची मोठी कात्री तोंड उघडून ऐकत बसायची. खोटं वाटतं? ती अजून नीट मिटत नाही. मास्तर म्हणतात, खिळा ढिला झालाय. म्हणोत बापडे.

आता कान देऊन ऐका, भांडण इथेच आहे. गझलेत शेर संपताना दर वेळी तेच शब्द येतात. आपाची एक लाडकी गझल होती, 'चराग थक गया मेरा, ऐ हवा, जरा ठहर'. ती 'ऐ हवा'पर्यंत यायची आणि गप्प व्हायची. 'जरा ठहर' हे शब्द आमच्या दुकानात तिने कधीच उच्चारले नाहीत. ते ऐकणाऱ्यांचे. सगळी मंडळी एका तोंडाने म्हणायची, "जरा ठहर!"

एक तोंड मात्र नेहमी मागे राहायचं. मास्तरांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं. आपा गात असताना त्या तिच्या कुर्त्याची दुमड टाचत बसलेल्या असायच्या, ओठांत टाचण्या धरून. बोलायचं तर आधी टाचण्या पत्र्याच्या झाकणात टाकायला हव्यात. टण्, टण्, टण्. आणि मग वहिनींचा एकटीचा, बेसूर "जरा ठहर". लोक फिदीफिदी हसायचे. एकदा आपा कडाडली, "हँसो मत! भाभी बोलेंगी, तभी मैं आगे जाऊँगी."

एवढी मोठी गायिका, पण टाचण्या निघेपर्यंत थांबायची. ते सगळं मी टिपलं.

आपा गेली, पण लोकांनी तिला सोडलं नाही. आजही कपडे शिवायला येणारी पोरंपोरी कानात बोंडं घालून तिलाच ऐकतात. मला मात्र इस्त्रीच्या टेबलाखाली ढकललं. माझा पट्टा वितळून चिकट झाला. माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवले. तेही मी सोसलं.

मग मास्तरांचा मुलगा उगवला. तो आवाजाच्या स्टुडिओत काम करतो. त्याने माझी फीत नेली, तिथल्या यंत्रावर वाजवली आणि कॉम्प्युटरला सांगितलं, एकच आवाज ठेव, बाकीचा कचरा काढ. काढला! पंखा गेला, खोकला गेला, टाचण्या गेल्या, न्हावी-कंडक्टर गेले, वहिनी गेल्या. उरलेलं गाणं त्याने जगापुढे ठेवलं. आता आपा म्हणते 'ऐ हवा' आणि पुढे नुसता खड्डा. दर शेराला खड्डा. लोकांनी खाली लिहिलं, 'गाणं स्वर्गीय, पण टेपरेकॉर्डर भिकार. शब्द खाल्ले.'

मी शब्द खाल्ले! मी!

परवा मुलगा फीत परत घेऊन दुकानात आला. "बाबा, तुमचं मशीनच बाद होतं. पण काळजी नको. कॉम्प्युटर आपाचा आवाज हुबेहूब काढतो. तिच्याच आवाजात 'जरा ठहर' म्हणवून घेतो आणि खड्डे भरतो. हे धूड देऊ भंगारात. फीतही देऊन टाकू, आता तिचं काय काम?"

वहिनी एका झग्याला टाचण्या लावत होत्या. त्यांनी हात पुढे केला, मुलाचा फोन घेतला, ते गाणं कानाला लावलं. बराच वेळ ऐकलं. मग टाचण्या काढल्या. टण्.

"यात मी कुठंय?"

"आई, तो नॉइज होता गं."

"काय होता?"

"म्हणजे... गोंगाट. आमच्या भाषेत."

"जन्मलास तेव्हापासून तुझा गोंगाट ऐकतेय मी, बाळ्या. पुसला कधी? ती बाई माझ्यासाठी थांबायची. आता कुणासाठी थांबलीय, सांग. भिंतीसाठी?"

"म्हणून तर शब्द भरतोय ना!"

"जे तिने आमच्यासाठी सोडले, ते तिच्याच तोंडात कोंबतोस? तिला विचारलंस?"

"आई, ती वारली."

"मग तर मुळीच कोंबू नकोस." वहिनी मास्तरांकडे वळल्या. "अहो, हा सुरू करा."

"अगं, पट्टा गेलाय त्याचा."

"टेलर ना तुम्ही? इलॅस्टिक लावा!"

मास्तरांनी पायजम्याचं इलॅस्टिक कापून, शिवून माझ्या पोटात चढवलं. काय लाज वाटली म्हणून सांगू! पण फिरलो. इलॅस्टिक ताणत-आकसत होतं, म्हणून आपा कधी घोगरी गात होती, कधी शाळकरी पोरीसारखी. मुलाने तोंड वाकडं केलं. तेवढ्यात 'ऐ हवा' आलं आणि मी सगळी खोली बाहेर ओतली. न्हावी, कंडक्टर, मोठ्या बाई, "जरा ठहर!" मग पंख्याची घरघर. मग माझ्यातून टण्, टण्. आणि झग्याशेजारच्या झाकणातही टण्. दोन वहिनी एकदम म्हणाल्या, "जरा ठहर." दोघी सारख्याच बेसूर.

"शुक्रिया, भाभी," आपा म्हणाली आणि पुढे गेली.

पुढच्या शेराला मुलानेही तोंड उघडलं. घाईत, सगळ्यांच्या आधी.

"थांब की," वहिनी म्हणाल्या, "तिला येऊ दे तिथपर्यंत."

त्याने जगापुढचं गाणं काढून टाकलं. भंगाराचं नाव पुन्हा घेतलं नाही. माझी माफी मात्र अजून कुणी मागितलेली नाही, आणि 'भिकार' लिहिणारा मला सापडायचाय.

मित्रांनो, आमच्या डोक्यावरची धूळ खुशाल पुसा, कपही उचला. पण आत बसलेल्या माणसांना हात लावू नका. आणि गाणारी मधेच गप्प झाली, तर यंत्राला शिव्या देऊ नका. ती तुमच्यासाठी थांबलेली असेल. टाचण्या काढा आणि बोला.