लोंबतं बटण

शिंपीकाकांचा उजवा हात अर्धांगवायूने लुळा पडला होता, आणि वॉर्डातल्या सिस्टरशी त्यांचं रोज वाजायचं. ती त्यांच्या सदऱ्याची बटणं लावून द्यायचीच नाही. "तुमची तुम्ही लावा," म्हणत हाताची घडी घालून समोर उभी राहायची.

"काय दगडाच्या काळजाची बाई आमच्या वाट्याला आली!" त्यांची बायको कपाळावर हात मारायची. सिस्टर ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

सिस्टरच्या घरी तिच्या आईचं पालुपद वेगळंच. "ऑफिसातली बढती नाकारलीस! आयुष्यभर खुर्चीत बसली असतीस."

आज काकांनी घामाघूम होत, शिव्यांची लाखोली वाहत शेवटचं बटण लावलंच. मग सिस्टरच्या कोटाकडे बघून खेकसले, "हे काय, बटण लोंबतंय की! जा, सुईदोरा आण. आणि दोरा मीच ओवणार, मध्ये लुडबुडायचं नाही!"

संध्याकाळी आईने कोट धुवायला घेतला. "अगं, हे वेडंवाकडं बटण कुणी लावलं? थांब, उसवून नीट लावते."

"हात लावशील तर खबरदार!" सिस्टर म्हणाली. "माझी बढती आहे ती."