दिराची कालवं

सिओनीने खाद्याची मूठ पाण्यावर भिरकावली आणि बांगुस मासे ती फस्त करेपर्यंत दुसरी उचललीच नाही. एक दाणासुद्धा जाळीखाली निसटता कामा नये. पूर्वी ती खाडीतल्या जाळीच्या पिंजऱ्यांत खाद्याचं पोतं उपडं करून घरी जायची. आता उन्हात उभी राहून हात आखडून वाढत होती, नकोशा पाहुण्याला वाढावं तशी.

कारण हाकेच्या अंतरावर होतं. तिच्या पिंजऱ्यांचं पाणी ओहोटीला जिकडे वाहत जाई, तिथेच धाकट्या दिराने, मेंचोने, बांबूच्या तराफ्याखाली दोऱ्या सोडून कालवं लावली होती. खाद्याचा खर्च शून्य. तरी व्यापाऱ्याची होडी आधी त्याच्याकडे वळायची. यंदा त्याच्या घरावर नवे पत्रे चढले होते. ईस्टरच्या जेवणात तोच हसत बोलून गेला,

"वहिनी, तुमच्या माशांचं उष्टं खाऊन माजलीत हो माझी कालवं!"

सिओनीने ताट बाजूला सारलं. पोती आपण आणायची आणि पत्रे याच्या घरावर?

त्या दिवसापासून तिची मूठ आवळली ती आवळलीच.

मे महिन्यात वारा पडला. खाडीचं पाणी तापून तेलासारखं निपचित झालं. एका पहाटे आरडाओरडा ऐकून ती पिंजऱ्यांकडे धावली. शेजाऱ्यांचे मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. तळाशी साचून सडलेल्या खाद्याने पाण्यातली हवाच खाल्ली होती. तिची वर्षाची कमाई त्याच पाण्यात होती. तिचे मासे वर येऊन धापा टाकत होते, पण पोहत होते.

दुपारी मेंचो वल्हवत आला.

"सगळी खाडी विचारतेय, वहिनींनी केलं तरी काय! मी म्हटलं, त्यांनी खाद्य केव्हाच कमी केलंय. पाण्याची नाडी कळते त्यांना."

सिओनीने टोपी डोळ्यांवर ओढली.

"तुझी कालवं?"

"जगली. पण यंदा अंगच धरलं नाही बघा." त्याने एक फोडून तिच्या हातावर ठेवलं. आत चिमूटभर मांस.

इतके दिवस जे बघायची आस होती, ते तळहातावर होतं. तिने ते बोटाने चाचपून पाहिलं.

"दोऱ्या इकडे आण. माझ्या पिंजऱ्यांना खेटून बांध."

"इतक्या जवळ? कशाला?"

"आता खाद्य खाली पडतं ते थोडंच. वाहून जायच्या आत खातील." तिने शिंपला त्याच्या होडीत टाकला. "आणि लांबून बघून बघून डोळे दुखायला लागलेत माझे."