अडचणीचा रकाना

अण्णा मुळ्यांच्या कारखान्यात आंब्याचा पल्प निघे, आणि तो अण्णांच्या ओरडण्यावर निघे असा सगळ्यांचा समज होता. बॉयलर लाकडावर चालायचा, डबे यंत्र बंद करायचं, पण या दोन्हींच्या मधलं सगळं अण्णांच्या घशावर चालायचं. सकाळी फाटकातून शिरता शिरता ते जी पहिली हाक मारत, तिने शेजारच्या बर्फाच्या कारखान्यातली माणसंसुद्धा कामाला लागत. त्याबद्दल बर्फवाल्याने कधी आभार मानले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

दोन हजार सहा साली त्यांचा मुलगा यज्ञेश पुण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून रत्नागिरीला आला. चतुर्थीला आलेला मुलगा परत जातो हे अण्णांना ठाऊक होतं. हा फाल्गुनात आला आणि राहिला. येताना त्याने चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्यांचं एक खोकं आणलं, आणि काम करण्याची एक पद्धत आणली. तिचं नाव ॲजाइल. म्हणजे काय, असं अण्णांनी विचारलं. चपळ, असं यज्ञेशने सांगितलं. चपळ तर मांजर असतं आणि ते दिवसभर झोपतं, असं अण्णा म्हणाले. पण मुलगा घरी राहतोय म्हटल्यावर पद्धतीलाही राहू दिलं.

पद्धत अशी. रोज सकाळी सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं. बसलं की बोलणं लांबतं, म्हणून उभं. प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या : काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. भिंतीवर चार रकाने आखले : करायचं, चालू, झालं, आणि अडचण. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी. ती काम पुढे सरकेल तशी एका रकान्यातून दुसऱ्यात जायची. पंधरवड्याचं काम ठरवायचं, पंधरवड्याने काय चुकलं ते बघायचं. आणि मुख्य म्हणजे, हुकूम कुणी कुणाला द्यायचा नाही. जो काम करतो तोच ते कसं करायचं हे ठरवेल.

“मग मी काय करायचं?” अण्णांनी विचारलं.

“तुम्ही अडचणी दूर करायच्या, अण्णा. कुणी अडलं की तुमच्याकडे येईल.”

हुद्दा वाईट नव्हता. अण्णा धोतर सावरून अडचणींची वाट बघू लागले.

अडचण आली नाही. आंबा कापणारी सोनूबाई म्हणे, “काय नाय.” लेबलं लावणारा आत्माराम म्हणे, “काय नाय.” बॉयलरवरचा भागोजी नुसती मान हलवे. तीन रकाने रंगीबेरंगी झाले आणि चौथा चुना लावल्यासारखा पांढरा राहिला. यज्ञेशला वाटलं, कारखाना सुरळीत चालला आहे. पंधरवडा संपला तेव्हा ठरवलेल्या पल्पातला बराचसा अजून आंब्यातच होता, आणि तरीही अडचण कुणालाच नव्हती.

यज्ञेश पुण्यात वाढला असता तर ते क्षम्य होतं. पण तो इथलाच, त्याला कळायला हवं होतं. या मुलखात चार माणसांत आपली अडचण आपल्या तोंडाने सांगणं म्हणजे पंगतीत आपल्या पानात आपणच आधी वाढून घेण्यासारखं. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालतात तेही गावकर, म्हणजे गावचा मानकरी, घालतो. घराघरातली दुखणी त्याच्या कानावर आधीच घातलेली असतात. तो ती सगळ्यांच्या वतीने देवाला सांगतो आणि बाकीच्यांनी फक्त ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. कुणाचं काय दुखतं ते देवाला कळतं, शेजाऱ्याला कळत नाही. चिठ्ठ्यांत ही सोय नव्हती.

इकडे अण्णांचे हाल सुरू झाले. पूर्वी ते सोनूबाईच्या टेबलापाशी येत, ओरडत आणि पुढे जात. आता ओरडायला बंदी, म्हणून ते तिच्या पाठीशी उभे राहून नुसते बघत. ओरडणं एका मिनिटात संपतं. बघणं संपत नाही. ते आत्मारामला विचारत, काही अडचण? तो दचके आणि लेबल तिरकं लागे. मग तिरक्या लेबलाकडे बघत उभे राहत. बॉयलरपाशी जाऊन भागोजीला म्हणत, असली तर सांग हो, लाजू नकोस. मग भिंतीपाशी जात, एखादी चिठ्ठी ‘चालू’मधून ‘झालं’मध्ये लावत, दोन पावलं मागे सरून तिच्याकडे बघत आणि पुन्हा ‘चालू’मध्ये आणत.

घरीही पाय ठरत नव्हता. ओटीवरून पडवीत, पडवीतून खळ्यात. यज्ञेशची आई, उमाकाकू, म्हणाल्या, “अहो, शेणाने सारवलेली जमीन आहे ती. रस्ता करताय का तिचा?” रविवारी ते मिरकरवाड्याला जाऊन मासळीचा लिलाव ऐकून येऊ लागले. मुळ्यांच्या घरात मासे कुणी खात नसे. काकूंनी चौकशी केली तेव्हा एवढंच म्हणाले, “तिथे अजून माणसं मोकळेपणी बोलतात.”

खरी गोष्ट त्यांनी काकूंनाही सांगितली नव्हती. त्यांना एकच भीती होती : आपण एक दिवस गेलो नाही, तर कारखान्यात कुणाच्या ध्यानातसुद्धा येणार नाही.

शेवटी यज्ञेश टेकीला आला. तो भागोजीला म्हणाला, तुम्ही गावकर ना, मग सगळ्यांच्या वतीने तुम्हीच सांगा.

“आमच्या पद्धतीनं?” भागोजीने विचारलं.

“तुमच्या पद्धतीनं.”

भागोजी त्या दिवशी बॉयलर सांभाळता सांभाळता एकेकाला भेटला. दुसऱ्या दिवशी सकाळी हातपाय धुऊन आला, बॉयलरपुढे नारळ ठेवला, चपला काढल्या. बघता बघता सगळ्यांच्या चपला निघाल्या. अण्णांनीही काढल्या. लहानपणापासून शिमग्याला देवळात उभं राहिलेला माणूस. हात आपोआप जुळले.

“बा देवा म्हाराजा, ही तुजी लेकरां हुबी हायत. हेंच्या हाताला यश दे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“सुऱ्यांची धार गेलीय, ती येवदे. डब्याचा यंतर मधीच थांबता, ता चलूदे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” अण्णांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. कित्येक दिवसांनी त्यांना मोठ्याने बोलायला मिळत होतं.

“आनि जो कोन बिनकामाचा पाठीशी हुबा ऱ्हातो, बगीत ऱ्हातो, पुन्नापुन्ना इचारीत ऱ्हातो, ज्याच्या नजरेनं हात कापतो, त्येची येरझार थांबव. त्येच्या पायाला जागा गावूदे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” अण्णा खणखणीत म्हणाले.

या वेळी त्यांचा एकट्याचाच आवाज आला. बाकीचे जमिनीकडे बघत पुटपुटले होते. अण्णांचे हात अजून जुळलेलेच होते, आणि आपण कशाला होकार दिला हे त्यांच्या हळूहळू ध्यानात येत होतं. गाऱ्हाण्याला दिलेला होकार परत घेता येत नाही. मालकालाही येत नाही.

यज्ञेश चिठ्ठ्या लिहायला लागला. सुऱ्या. डब्याचं यंत्र. तिसऱ्या चिठ्ठीपाशी त्याचं पेन थांबलं.

“लिही,” अण्णा म्हणाले.

त्याने लिहिलं : पाठीशी उभं राहणं. चौथ्या रकान्यात तीन चिठ्ठ्या लागल्या. अडचण दूर कुणी करायची हे पद्धतीत आधीच ठरलेलं होतं. अण्णांनी सुऱ्या धारेला पाठवल्या, यंत्राच्या मेकॅनिकला फोन केला, आणि तिसरी अडचण उचलून घरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी ते कारखान्यात गेले नाहीत. सकाळभर टेलिफोनजवळ बसले. उमाकाकूंनी रिसीव्हर नीट ठेवलाय का ते बघितलं, कारण अण्णांनी तो आधीच पुन्हापुन्हा उचलून बघितला होता. फोन आला नाही. संध्याकाळी यज्ञेश आला. पुष्कळ काम झालं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं आणि तो ते लपवायचा प्रयत्न करत होता.

“कुणी विचारलंन का माझ्याबद्दल?”

मुलगा खोटं बोलायला शिकला नव्हता. पाच वर्षं नोकरी करूनही. “नाही, अण्णा.”

त्या रात्री जेवताना काकूंनी दोनदा आमटी वाढली, आणि अण्णांनी ती दोनदा खाल्ली. कशाची होती हे त्यांना सांगता आलं नसतं.

सकाळी ते कारखान्यात गेले. रोजच्या जागी, यज्ञेशच्या शेजारी, उभे राहिले नाहीत. सोनूबाई आणि आत्माराम यांच्या मधे थोडी जागा होती, तिथे घुसले. गोल फिरत फिरत पाळी त्यांच्यावर आली. त्यांना वगळून पुढे जावं की काय, अशा विचारात आत्माराम घुटमळला.

“काल मी काही केलं नाही,” अण्णा म्हणाले. “आज काय करणार, ठाऊक नाही. अडचण अशी की मला घरी बसवत नाही.”

आपली अडचण आपल्या तोंडाने सांगणारा माणूस त्या गोलात पहिल्यांदाच उभा होता, आणि तो मालक होता. भागोजी खोकला. देवाला मधे न घालता हे कसं चालायचं, ते त्याला उमगत नव्हतं.

मग सोनूबाईने पदर खोचला.

“माजी पन हाय मग,” ती म्हणाली. “काल तुमी नवतात, तो बाबल्या टेंपोवाला वर पिको आंबो नि खाली सगळो हिरवो घालून उतरवून गेलो. यज्ञेशदादा त्येका म्हनतो, प्लीज. प्लीज म्हनला की बाबल्या हसतो. आमी काय म्हनायचा? आमचा कोन आयकतो?”

यज्ञेशचे कान लाल झाले. टेंपोबद्दल तो घरी बोलला नव्हता.

कुणी हुकूम दिला नाही. पद्धतच तशी होती. आत्माराम म्हणाला, फाटकावर माणूस पायजे. भागोजी म्हणाला, आवाजाचा पायजे. सगळे कुणाचंच नाव न घेता अण्णांकडे बघत राहिले. यज्ञेशने चिठ्ठी लिहिली : फाटक, अण्णा. आणि ‘चालू’मध्ये लावली. लावता लावता त्याने नियम सांगितला की प्रत्येक काम पंधरवड्यात संपलं पाहिजे.

“बाबल्या हाय तवर कसला संपताय,” सोनूबाई म्हणाली आणि सुरी उचलली.

अण्णा फाटकाशी गेले. आत्मारामने खुर्ची आणून ठेवली, तिच्यावर ते बसले नाहीत. रस्ता जांभ्याच्या धुळीने लाल झालेला होता आणि वळणापर्यंत रिकामा. ते या खांबापासून त्या खांबापर्यंत गेले, परत आले, हात पाठीमागे बांधले, सोडले. बाबल्याला काय काय ऐकवायचं ते त्यांनी मनात दोनदा म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा जास्त चांगलं जमलं.

मधेच त्यांची मान वळली. खिडकीतून टेबल दिसत होतं. सोनूबाईने नेमकं वर बघितलं. अण्णांनी घाईघाईने तोंड फिरवलं आणि वळणावर डोळे लावून उभे राहिले.