हलकी नको, जड दाखवा

साधी छत्री घ्यायची असली तरी मी चार दुकानं पालथी घालतो, असं आमच्या घरात पाहुण्यांना हसून सांगितलं जातं. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात माझी सगळी नोकरी खरेदी खात्यात गेली. पारखल्याशिवाय वस्तू घेणं माझ्या जिवावर येतं. आणि तरीही सगळ्यात कसून पारखलेली वस्तूच चुकली, ती म्हणजे चॉकलेट फवारायची गन.

ती घ्यायची होती कलावतीसाठी, म्हणजे माझ्या बायकोसाठी. तिच्या हातचा केक खाल्ला नाही असं घर आमच्या सोसायटीत सापडायचं नाही. क्रीमचे गुलाब, वेली आणि मधोमध वळणदार अक्षरात नाव. गेल्या वर्षी तिचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, हा कंपवात नाही, वयाबरोबर काही जणांचा हात कापतो. तिच्या वडिलांचाही कापायचा. त्यामुळे आम्ही फारसं मनावर घेतलं नाही. पण समोरच्या सर्वेशच्या साखरपुड्याचा केक तिने केला, त्यावर ‘रुचिता’ हे नवरीचं नाव लिहिताना वेलांटी जी सुटली ती थेट केकच्या कडेवरून खाली उतरली. सगळे छान छान म्हणाले. कुणी हसलं नाही, हेच तिला लागलं. दुसऱ्या दिवशी क्रीमच्या पिशव्या आणि नळ्या धुऊन पुसून तिने माळ्यावर टाकल्या.

मग आम्ही तिला जपायला लागलो. चहा अर्धा कप, तोही प्लॅस्टिकच्या मगात. भाजीची पिशवी माझ्याकडे. ताट वाढायचं मी, पाणी भरायचं मी. अशात आमच्या प्रियांकाला मुलगी झाली. प्रियांका लग्न होऊन कळव्याला असते. नामकरणाची तारीख ठरली आणि तिचा फोन आला, की आई, तू दगदग करू नकोस, केक मी ऑर्डर करते. कला ‘बरं’ म्हणाली आणि फोन ठेवून ओटा पुसत बसली. ओटा स्वच्छच होता. पहिल्या नातीचा केक, आणि आजीने नुसतं पाहुण्यासारखं जाऊन खायचा? तिचं ते ‘बरं’ माझ्याच्याने ऐकवेना. मी बाहेर जाऊन प्रियांकाला फोन केला आणि ऑर्डर जरा थांबवायला सांगितली.

माझ्या डोक्यात एक गोष्ट आली होती. एका लग्नात मी मखमलीसारखा केक पाहिला होता. गोठवलेल्या केकवर गरम चॉकलेटचा बारीक फवारा मारला की तो पडल्या जागी थिजतो आणि केकवर मऊ लव आल्यासारखी दिसते. ना गुलाब, ना वेलांटी. लांबून फवारायचं, त्यात हात जरा कापला तर काय बिघडतं?

आता गन कुठली घ्यायची? आधी कल्याणच्या एका रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “काका, ही घेऊन जा. रंग काय नि चॉकलेट काय, सेम गोष्ट आहे.” मी त्याला विचारलं, तू मुलांना रंग खाऊ घालतोस का? मग ठाण्याला केकचं सामान विकणारं एक दुकान आहे, तिथे गेलो. तिथल्या स्वप्ना नावाच्या मुलीने निमूटपणे तीन प्रकार समोर ठेवले. पहिली पेनासारखी धरायची. तिला मी तिथेच हात जोडले, पेन धरता येत असतं तर मी आलोच नसतो. दुसरी धातूची, वर वाटी, मागे कंप्रेसरची नळी. उचलून पाहिली तर हा बंबच, माझंच मनगट भरून आलं. तिसरी बॅटरीची, प्लॅस्टिकची, हातात आहे की नाही कळू नये इतकी हलकी. मी तिचं तोंड उघडून पाहिलं, वाटी सुटी होते का, धुता येते का, चॉकलेट अडकलं तर काढायचं कसं, सगळं विचारलं. स्वप्नाचं डोकं खाल्लं म्हणा ना. आणि हलकी घेऊन घरी आलो.

कलाने आधी नाही म्हटलं, मग माझा चेहरा पाहून हो म्हटलं. चॉकलेट आणि कोको बटर समसमान घेऊन वितळवलं, गाळलं. फ्रीझरमधून एक लहानसा केक काढला आणि गन उचलली. गन तिच्या हातात नुसती नाचायला लागली. खटक्यावरचं बोट स्थिर राहीना. फवारा तुटत तुटत आला आणि केकवर थेंबच थेंब पडले. चिखलातून गाडी जावी आणि बाजूच्या माणसाचा सदरा व्हावा, तसा तो केक झाला. तिने गन खाली ठेवली.

“राहू दे,” ती म्हणाली. “प्रियांकाला सांगा, ऑर्डर दे म्हणून.”

मला राग आला. गनचा, दुकानाचा, स्वतःचा. त्या रात्री मी धड जेवलोही नाही.

सकाळी ती भाकऱ्या करत होती. मी चहा घेत तिथेच बसलो होतो. शेवटची भाकरी झाली, तसा तिने तो बिडाचा जाडजूड तवा फडक्याने धरून एका हाताने उचलला आणि बाजूला ठेवला. सरळ, शांत. मग प्लॅस्टिकचा मग उचलला तर चहा हिंदकळून ओट्यावर. तीच बाई, तोच हात. मी पाहतच राहिलो. पाट्याजवळचा वरवंटा आणून तिच्या हातात दिला आणि म्हटलं, समोर धर. तिला वाटलं, रिटायर झाल्यावर माणसाचं असं होतं. पण तिने धरला. थरथर अगदी गेली नव्हती, पण इतकी कमी झाली होती की शोधावी लागली असती.

“जड असलं की कमी कापतो,” ती म्हणाली. “मला कधीपासून माहितेय.”

“अगं मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सगळे इतक्या मायेने हलकं हलकं हातात देत होतात. काय सांगायचं?”

एवढा तीन तीन गोष्टी ताडून पाहणारा माणूस मी, पण जिच्यासाठी गन घ्यायची तिच्या हातात ती एकदा देऊन बघावी, हे काही सुचलं नाही. त्या दिवशीच तिला घेऊन ठाण्याला गेलो.

मला दारात पाहून स्वप्नाच्या कपाळावर आठी पडली. पण या वेळी मी गप्प उभा राहिलो. कला पुढे झाली.

“हलकी नको, जड दाखवा,” ती म्हणाली.

स्वप्नाने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. ती धातूची गन कलाने उचलली, हात लांब केला, खटका दाबून पाहिला, सोडला, परत दाबला. मग माझ्याकडे वळून नुसती मान हलवली. साडी निवडतानाही ती अशीच मान हलवते, आणि त्यानंतर दुसरी साडी बघायची नसते.

नामकरणाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही बाल्कनीत एक मोठं खोकं आडवं ठेवलं, फवारा पडद्यांवर उडू नये म्हणून. आत फिरती तबकडी, त्यावर नातीचा गोठवलेला केक. गन थंड असली तर चॉकलेट तिच्या तोंडातच थिजतं, म्हणून कलाने ती गरम टॉवेलात बाळाला गुंडाळावं तशी गुंडाळून ठेवली होती. कंप्रेसर सुरू झाला, सायकलवाल्याकडे हवा भरतात तसा घरघरायला लागला. तिने पहिला फवारा पुठ्ठ्यावर मारून पाहिला. एकसारखा आला. मग ती केककडे वळली आणि हात पुन्हा कापायला लागला, चांगलाच. हे वजनाचं नव्हतं. भीती होती ती, नातीच्या केकची. मी काही विचार न करता तिचं मनगट धरलं.

“सोडा हात,” ती म्हणाली.

रागाने नाही म्हणाली. पण मला सोडणं फार जड गेलं. सोडला.

“तुम्ही तबकडी फिरवा. हळू.”

मी तबकडी फिरवू लागलो. तिने दीर्घ श्वास घेतला, कोपर पोटाशी टेकवलं आणि खटका दाबला. फवारा धुक्यासारखा केकवर जाऊन बसला. काळपट चकाकी हळूहळू मावळली आणि तपकिरी मखमल चढत गेली. एका कडेला हात उसळला, तिथे थर जाड झाला. मी म्हटलं, ती कड मागे करू. ती म्हणाली, असू दे तशीच, आजीनेच केलाय ना.

आणि फोन वाजला. प्रियांकाचाच. केकवाला संध्याकाळपर्यंतच थांबणार होता, तिला हो की नाही ते हवं होतं. एका हाताने तबकडी फिरवत मी फोन कलाच्या कानाशी नेला. तिने मान बाजूला केली. तिची नजर केकवरून हलली नाही. नाकाच्या शेंड्यावर चॉकलेट उडालं होतं.

“तिला सांगा, आई मग बोलेल,” ती म्हणाली. “आत्ता माझा हात रिकामा नाही.”

मी प्रियांकाला तसंच सांगितलं, वर केकवाल्याला नाही म्हण, असंही. दोनदा सांगावं लागलं, कंप्रेसरच्या घरघरीत तिला पहिल्यांदा ऐकूच गेलं नाही.